विमानात ओरडलेला माणूस

बीदरच्या एका पॉलिटेक्निकात हरिओम वर्कशॉप शिकवतो. लेथवर पोरांची बोटं शाबूत ठेवायची आणि जर्नलांवर सह्या करायच्या, ही त्याची नोकरी. पण कमठाण्याला, म्हणजे त्याच्या मूळ गावी, आणि बीदरमध्ये तो राहतो त्या गल्लीत, बरीच वर्षं त्याला सगळे ‘पायलट’ म्हणत. ते नाव त्याने कुणाकडे मागितलं नव्हतं. कुणी हाक मारली की तो वळून बघायचा मात्र.

कमठाण्याच्या माणसांना विमानाचं अप्रूप नसतं. बीदरच्या हवाई दलाच्या तळावरून शिकाऊ वैमानिक उडतात आणि दिवसभर डोक्यावर घिरट्या घालतात. रानात खुरपणाऱ्या बाया मानही वर करत नाहीत. हरिओम तेवढा लहानपणापासून काम टाकून आभाळात बघत उभा राहायचा, आणि वडिलांच्या, भगवानरावांच्या, शिव्या खायचा. पुढे डिप्लोमा झाला, नोकरी लागली, स्नेहाशी लग्न झालं. पहिला बरा कॉम्प्युटर घरात आला तेव्हा त्याने त्यात विमान उडवायचा खेळ बसवला. खेळ म्हटलेलं त्याला खपत नसे. “सिम्युलेटर म्हण,” तो स्नेहाला सांगायचा.

या सिम्युलेटरमध्ये मुळात थोडी विमानं येतात. बाकीची विमानं जगभरातले हौशी कारागीर बनवतात आणि लोक ती घेऊन आपल्या कॉम्प्युटरवर चढवतात. विमानाचं रूप एकजण घडवतो, आवाज दुसरा भरतो. पण ते विमान हवेत वागणार कसं, हे ठरवणं हे तिसरंच काम. दांडी किती ओढली की नाक किती वर यायचं, वेग पडला की कुठला पंख आधी झुकायचा, जोर दिल्यावर इंजिन किती उशिरा जागं व्हायचं, हे सगळं आकड्यांत बांधावं लागतं. हरिओमने ती विद्या कुणाच्या शिकवणीशिवाय कमावली. जुनी पुस्तकं वाचली, वैमानिकांच्या आठवणी वाचल्या, तक्ते बनवले आणि मोडले. पोलंडमधल्या एका छोट्या गटाने त्याचं काम पाहून त्याला आपल्यात घेतलं. एका शिकाऊ विमानाचा डावा पंख खऱ्यासारखा गचकन झुकावा म्हणून त्याने अख्खा उन्हाळा खर्ची घातला होता, आणि तो पंख तसा झुकला त्या दिवशी घरी पुरणपोळी झाली होती.

त्याच्यात गर्व आला तो असा. दुसऱ्या कुणाचं विमान त्याला आवडेनासं झालं. “चित्र कुणीबी काढतंय,” तो म्हणायचा. “रुळावरनं चालल्यागत चालत असलं तर त्याला विमान म्हणायचं कामून? रेल्वे म्हणा की.” चहाच्या टपरीवर कुणी बातमीत ऐकलेलं विमानाचं काही सांगायला लागला की हरिओम मधेच हात वर करायचा. त्याचा मेव्हणा एकदा हैदराबादहून दिल्लीला विमानाने जाऊन आला आणि कौतुकाने सांगू लागला की उतरताना पोटात कसा गोळा आला. हरिओमने त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. उतरताना काय होतं हे त्याने कागदावर चित्र काढून समजावलं. मेव्हण्याने ते चित्र बघितलं, मान डोलावली आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

हरिओम स्वतः विमानात कधी बसलेला नव्हता. हैदराबादला बस होती, बेंगळुरूला रेल्वे होती. बीदरहून प्रवासी विमान सुरू झालं, बंद पडलं, पुन्हा सुरू झालं, आणि प्रत्येक वेळी त्याला काहीतरी काम निघालं.

श्रावण सरत आला असताना बेंगळुरूला धाकट्या बहिणीच्या नव्या घराची वास्तुशांत निघाली. बहिणीने फोनवर बजावलं, आईला रेल्वेने आणू नको, तिच्या गुडघ्यांना सोसत नाही. भगवानराव मुगाच्या तोडणीपायी गावीच राहिले. हरिओम, स्नेहा आणि आई वच्छलाबाई असे तिघे विमानाने निघाले.

बीदरचा विमानतळ लहान. तिथे ओळखीचं माणूस भेटणार नाही असं होत नाही. साड्यांच्या दुकानाचे वीरभद्रप्पा आणि त्यांची बायको गुरुबाई रांगेत उभे होते. त्यांच्या लेकीला, दीपमालाला, बेंगळुरूत मुलगी झाली होती आणि तिला पाळण्यात घालायचं होतं. गुरुबाईंच्या हातात कुंची, बाळाचं दुपटं अशी सामानाची पिशवी होती. त्यांनी ती कुणाकडे दिली नाही.

“पायलट संगं हाय म्हणल्यावर आता काय भ्या न्हाई,” वीरभद्रप्पा मोठ्याने म्हणाले, आणि आजूबाजूचे वळून बघू लागले.

“जेट हाय हे,” हरिओम म्हणाला. “इंजिनं मागं, शेपटीपाशी. म्हणून पुढं बसलं की आवाज कमी. ह्याच्यासारख्याच एकाचं काम मी केलंय.”

विमान पन्नासेक माणसांचं होतं. एका बाजूला एकेक खुर्ची, दुसऱ्या बाजूला दोन-दोन. हरिओमला एकटी खिडकी मिळाली. मधल्या वाटेपलीकडे वच्छलाबाई आणि खिडकीशी स्नेहा. गुरुबाई मागच्या रांगेत होत्या आणि वीरभद्रप्पांना जागा चार खुर्च्या पुढे मिळाली होती. विमान धावपट्टीच्या टोकाला जाईपर्यंत हरिओम बोलत होता. पंखाचा मागचा भाग खाली का आला, दिवा का लागला, सगळं तो आईला सांगत होता आणि चार रांगा ऐकत होत्या. कुणीतरी मागून शंका विचारली, त्याचंही उत्तर त्याने दिलं.

मग विमान धावलं. पाठ खुर्चीत रुतली. एवढ्या जोराने रुतेल हे हरिओमला ठाऊक नव्हतं. बीदरची तांबडी माती खाली सटकली, तळं चमकलं आणि लगेच खिडकीबाहेर सगळं पांढरं झालं. ढग लागले. हरिओमने सवयीने समोर बघितलं. घरी तो समोर बघे तेव्हा तिथे वेगाचा काटा असे, उंचीचा काटा असे, क्षितिजाची पट्टी असे. इथे पुढच्या खुर्चीची राखाडी पाठ होती.

तेवढ्यात इंजिनांचा आवाज पडला.

पाठीवरचा जोर निघून गेला, नाक झुकलं आणि पोटातलं सगळं वर आलं. त्याच्या अंगातला कणन् कण सांगू लागला की आपण खाली चाललोय. आणि हरिओमपाशी त्या भीतीला द्यायला एक नाव तयार होतं. पंखावरची हवा सुटते आणि विमान दगडासारखं खाली येतं, त्याला स्टॉल म्हणतात; त्यातून सुटायचं तर नाक आणखी खाली घ्यावं लागतं. तो शब्द त्याने इतकी वर्षं इतक्या वेळा लिहिला होता की डोक्याआधी तो तोंडात आला.

“स्टॉल! स्टॉल व्हायलंय!” तो ओरडला. “इंजिन गेलं! पडायलंय विमान! नाक खाली घ्या, नाक खाली!”

दुसरा कुणी ओरडला असता तर लोकांनी त्याला गप केलं असतं. पण हा हरिओम होता. आत्ता आत्तापर्यंत जो प्रत्येक खडखडाटाचा अर्थ सांगत होता तोच माणूस ओरडत होता. मागून एक बाई किंचाळली. कुणी देवाचा धावा सुरू केला, कुणी बंद केलेला फोन चालू करू लागला. गुरुबाईंनी कंबरेचा पट्टा काढला. त्यांना नवऱ्यापाशी जायचं होतं, एवढंच त्यांना कळत होतं. त्या मधल्या वाटेत उभ्या राहिल्या आणि विमान ढगात हादरलं. त्या पुढे कोलमडल्या. तोल सावरायला पुढे केलेला उजवा हात खुर्चीच्या लोखंडी कडेवर आपटला. तो आवाज हरिओमने ऐकला. वाळलेली काडी मोडावी तसा होता.

विमान ढगांतून वर आलं. बाहेर लख्ख ऊन होतं. पंख सरळ होते. इंजिनं एकसुरात चालली होती.

मधल्या वाटेपलीकडून वच्छलाबाईंनी हात लांब करून लेकाचं मनगट धरलं होतं. “हरी,” त्या हळू म्हणाल्या, “इमान चाललंय की रे बाळा. गप. चाललंय बघ.”

विमानात प्रवाशांची देखभाल करणारी पोरगी धावत आली. तिने आधी गुरुबाईंना उठवून बसवलं, त्यांचा हात कापडात बांधला, मग हरिओमपाशी येऊन त्याचा पट्टा तपासला. आतून कॅप्टनचा, एका बाईचा, शांत आवाज आला. सगळं व्यवस्थित आहे, आपण वर चढत आहोत, काहीही बिघाड नाही, कृपया बसून राहा. हे तिने तीन भाषांत सांगितलं. तिन्ही हरिओमला येत होत्या.

राहिलेला प्रवास तासाभराचा असेल. हरिओमला उठून कुठे जाता येत नव्हतं. मागून गुरुबाईंचं कण्हणं येत होतं, दाबून धरलेलं, शेजारच्याला त्रास नको म्हणून बारीक केलेलं. त्यापेक्षा त्या मोठ्याने रडल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढे वीरभद्रप्पा मान वळवून बायकोकडे बघायचे, आणि वाटेत हरिओमचं तोंड आलं की नजर त्याच्यावरून अशी नेत की जणू तिथे रिकामी खुर्ची आहे. स्नेहा खिडकीबाहेर बघत होती. तिचे कान लाल झाले होते. एकदा हरिओमने तिला हाक मारली. तिने ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही.

बेंगळुरूला सगळे उतरले आणि त्याला बसून राहायला सांगितलं. उतरणारा प्रत्येकजण त्याच्याजवळून गेला. एका म्हाताऱ्याने तर जाता जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात त्याला फार दिवस जाणवत राहिला.

नंतर एका खोलीत नेलं. सुरक्षेच्या माणसाने विचारलं, दारू घेतली होती का? वच्छलाबाई फणकारल्या. “माझं लेकरू सुपारीबी खात न्हाई!”

“मग काय काम करता तुम्ही?”

हरिओम बाहीने कपाळ पुसू लागला. आईला वाटलं, लेक घाबरलाय, आपण त्याची बाजू राखली पाहिजे. त्या ताठ बसून अभिमानाने म्हणाल्या, “कॉम्प्युटरवर इमानं बनवतो त्यो. खऱ्यासारखी. परदेशातली लोकं घेतेत.”

त्या माणसाने लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि वर बघितलं. हरिओमने आईच्या पायांकडे बघितलं. तिने प्रवासासाठी नव्या चपला घेतल्या होत्या.

कॅप्टन आत आली. तिशी-पस्तिशीची असेल. हरिओमला वाटलं होतं, ही झापणार. तिने खुर्ची ओढून घेतली आणि विचारलं, “पहिल्यांदा बसलात?”

त्याने मान डोलावली.

“थोडी उंची गाठली की आम्ही जोर कमी करतो, नाक थोडं उतरवतो. रोजचं आहे. ढगात बाहेरचं दिसत नाही म्हणून तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानाला वाटतं की खाली चाललोय. मलाही शिकताना वाटायचं.” मग ती म्हणाली, “भीती वाटली याचं काही नाही. पण तुम्ही जो शब्द वापरलात ना, तो लोकांच्या मधोमध उच्चारायचा नसतो. त्या बाईंना चांगलंच लागलंय.”

हे सगळं हरिओमला माहीत होतं. कुठल्या उंचीवर जोर कमी करायचा, नाक किती उतरवायचं, तो आकडा त्याने स्वतः आपल्या विमानात घातला होता. त्याने ते तिला सांगितलं नाही. लेखी समज देऊन त्याला सोडलं.

वास्तुशांतीला तो होमासमोर बसला, जेवला आणि कोपऱ्यातल्या पाहुण्यांत लपला. दुसऱ्या दिवशी कळलं, गुरुबाईंचं मनगट मोडलंय. पाळण्यात घालायचा कार्यक्रम झाला, पण नातीला त्यांनी मांडीवर घेतली नाही. प्लास्टरच्या हाताने घेतली आणि निसटली तर, असं म्हणून त्या लांबच बसल्या.

आई आणि स्नेहा परतीला विमानाने आल्या. हरिओम रेल्वेने आला.

बीदरमध्ये बातमी त्याच्याआधी पोचली होती. त्याला वाटलं होतं, लोक चिडवतील, आणि त्याने दातओठ आवळून तयारी केली होती. कुणी चिडवलं नाही. झालं असं की ‘पायलट’ ही हाक थांबली. टपरीवाला “सर” म्हणू लागला. गल्लीतली पोरं त्याला बघून बोलायची थांबत. त्याच्यादेखत कुणी विमानाचा विषय काढेना. एखाद्याच्या घरात मयत झाल्यावर लोक जसे जपून बोलतात, तसं सगळे त्याच्याशी बोलू लागले, आणि त्याला ते कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागलं.

वीरभद्रप्पांच्या दुकानाचा रस्ता त्याने सोडला. कॉलेजला जाताना तो लांबचा वळसा घालू लागला.

त्याच सुमारास पोलंडच्या गटाने त्याचं नवं जेट बाहेर काढलं. कुणी एकाने त्या जेटविषयी लिहिलं, ज्याने ह्या विमानाची वागणूक घडवली त्याने नक्कीच आयुष्य आभाळात काढलं असणार. गटातल्या मित्राने ते कौतुकाने हरिओमला पाठवलं. हरिओमने ते वाचलं आणि कॉम्प्युटर बंद केला. सुट्टीच्या दुपारी त्याने धीर करून ते जेट सुरू केलं, बीदरची धावपट्टी निवडली, ढग खाली आणले आणि उड्डाण केलं. आवाज पडला, नाक झुकलं. उंचीचा काटा चढतच होता. एकदासुद्धा थांबला नाही. त्याने ते पुन्हा केलं, पुन्हा केलं. चूक कुठेच नव्हती. खुर्ची जागेवर होती, पंखा फिरत होता, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होत होती. आपण एवढी वर्षं जे घडवलं ते बरोबर होतं, आणि आपल्याला त्यातलं काहीच माहीत नव्हतं, असं त्याला वाटलं, आणि एकटाच असूनही शरमेने त्याचं तोंड गरम झालं.

शेवटी स्नेहा बोलली. “त्या दुकानावरनं जायचं किती दिवस टाळणार आहात?”

“काय तोंडानं जाऊ?”

“हाय त्याच तोंडानं जा. गुरुबाई अक्का आता बेंगळुरूला जायला तयार न्हाईत. लेकीची सासू गावाकडं गेली, लेक एकटी हाय तान्हं घेऊन. बसनं, रेल्वेनं पाठ धरती, विमानाचं नाव काढलं की थरथर कापायलेत म्हणं.” मग ती हळू आवाजात म्हणाली, “मला बाजारात बाया विचारतेत, तुमचे मालक कसे हायेत? जसं काय तुम्ही दवाखान्यात हायेत.”

हरिओम गेला. दुकानात गिऱ्हाईक होतं. वीरभद्रप्पांनी साडीची घडी मोडली, पुन्हा घातली, गिऱ्हाईक जाऊ दिलं, मग म्हणाले, “वर चला.”

वरच्या मजल्यावर गुरुबाई शेंगा सोलत होत्या. प्लास्टर निघालं होतं. मनगट बारीक झालं होतं आणि अंगठ्याच्या बाजूला किंचित वाकलं होतं. हरिओमने रस्ताभर जुळवलेली वाक्यं सुटून गेली. “अक्का, माझं चुकलं,” एवढंच तो म्हणाला आणि उभाच राहिला.

“बसा,” गुरुबाई म्हणाल्या.

“मी मुद्दाम...”

“मुद्दाम कोण ओरडतंय, सर? खरं सांगू का? मलाबी खाली चालल्यागत वाटलं. पोटात गोळा आला. पण मी गप होते. म्हणलं, इतकी लोकं बसलेत, पायलट बसलाय. तुम्ही ओरडला म्हणून मी उठले.”

वीरभद्रप्पा दारातून म्हणाले, “तुम्ही घातलेली भीती हाय, सर. आमच्यानं निघंना. तुम्हीच काढा आता.”

“माझ्याकडं कॉम्प्युटरवर तेच विमान हाय,” हरिओम पटकन म्हणाला. “या घरी. मी दाखवतो, काटा कसा वरच जातो ते. एकदा समजलं की भीती...” बोलता बोलता त्याला आपला आवाज ऐकू आला. टपरीवरचा तोच आवाज होता. तो थांबला. पण गुरुबाई म्हणाल्या, बरं, दाखवा.

त्या आल्या. स्नेहाने चहा केला. हरिओमने विमान उडवलं, आवाज पडला तिथे थांबवून काट्यावर बोट ठेवलं. गुरुबाई चष्मा लावून नीट बघत होत्या.

“बघा अक्का, वरच चाललंय.”

“दिसायलंय की. पण ह्याच्यात पोटात काय होत न्हाई.”

“न्हाई होत,” हरिओम म्हणाला.

“मग मला काय उपेग?” त्यांनी चहा संपवला. बशी खाली ठेवताना डावा हात उजव्या मनगटाखाली लावला. “असं करा. तुम्ही या संगं. एवढ्या एकाच बारीला. तुम्ही गप बसलेलं मला बघायचंय. तुम्ही गप बसलात तर मी बसते.”

हरिओमला नाही म्हणायचं होतं. नाही म्हणायचा हक्क आपल्याला उरलाय का, हे त्याला कळेना. स्नेहा चहाचे कप उचलत होती. ती मधेच थांबून त्याच्याकडे बघत राहिली.

“येतो,” तो म्हणाला.

विमानतळावर तिकीट बघणाऱ्या माणसाने त्याचं नाव वाचलं आणि पुन्हा वाचलं. “मागच्या टायमाला... तुम्हीच का ते?” रांगेतले सगळे ऐकत होते.

“व्हय, मीच.”

वरिष्ठाला बोलावलं. तो येईपर्यंत हरिओम बाजूला उभा राहिला, पिशवी पोटाशी धरून. गुरुबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, “माझ्यासाठी यायलेत ते. सोडा त्यांला.” आपण जिचा हात मोडला ती बाई आपल्यासाठी रदबदली करतेय, हे हरिओमने खाली मान घालून ऐकलं.

या वेळी दोघांच्या खुर्च्या लागून होत्या. गुरुबाईंनी पट्टा इतका आवळला की पोरीने येऊन तो सैल केला. विमान धावलं, उठलं, ढगांत शिरलं. हरिओमने डोळे मिटले, मग गुरुबाई आपल्याकडे बघतायत हे आठवून उघडले.

आवाज पडला. पोट वर आलं. सगळं तसंच, अगदी तसंच. आपण वर चाललोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि त्या ठाऊक असण्याचा अंगाला काडीचा उपयोग नव्हता. त्याने जीभ दातांखाली धरली. गुरुबाईंच्या घशातून बारीक आवाज येऊ लागला होता.

तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली, “हरिओम!”

तो दचकून वळला. मागच्या रांगेतला एक जाडा माणूस डोळे मिटून बसला होता. हाक त्याला नव्हती. तिसऱ्या रांगेतून दुसऱ्याने लांब सूर लावला, “हरिओऽऽम!” मग पुढून, मग डावीकडून. निम्मं विमान हसत होतं. पट्टा बांधून बसलेली विमानातली पोरगीही ओठ दाबून हसत होती. तिला हे नवं नव्हतं. हरिओमच्या लक्षात आलं की बीदरहून उडणारी माणसं आता इंजिनाचा आवाज पडला की हे म्हणतात. देवाचं नाव घेतल्यासारखं म्हणतात आणि हसतात. तो आत बसलाय हे बऱ्याच जणांना माहीतही नव्हतं. तो नसतानाही हे रोज होत होतं.

त्याच्या कानांतून वाफ निघाल्यासारखं झालं. त्याने पाय खुर्चीखाली ओढून घेतले, पण तेवढ्याने माणूस लपत नाही.

गुरुबाईंनी त्याचं तोंड बघितलं. आधी त्यांना कळलं नाही. मग कळलं, आणि त्यांना हसू फुटलं. त्यांनी पदर तोंडाशी लावला, पण हसू पदरात मावेना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, खोकला येईपर्यंत त्या हसल्या. हसता हसता त्यांनी हरिओमच्या दंडावर एक चापट मारली. खिडकीत ऊन आलं तेव्हा त्या डोळे पुसत होत्या.

“गेलं की वर,” त्या म्हणाल्या. “कळलंबी न्हाई.”

हरिओमने मान हलवली. त्याने काहीच केलं नव्हतं. तो फक्त गप बसला होता, आणि तेही लाजेने.

बेंगळुरूला दीपमाला बाळाला घेऊन बाहेर उभी होती. “हे ते सर,” गुरुबाईंनी ओळख करून दिली. दीपमालाने हरिओमकडे एकदा बघितलं, नमस्कार केला नाही, आणि बाळ आईच्या हातात दिलं. गुरुबाईंनी ते घेतलं तसं उजवं मनगट लचकलं.

“सर, खालनं हात धरा जरा,” त्या घाईने म्हणाल्या. “मला कोपरावर घेऊ द्या.”

हरिओमने पिशवी टाकली आणि दोन्ही तळहात खाली धरले. बाळ जड नव्हतं. लोक सामानाच्या गाड्या ढकलत बाजूने जात होते. गुरुबाईंनी हात नीट केला, बाळाचं डोकं कोपराच्या खळग्यात बसवलं आणि “हां, सोडा” म्हणाल्या. त्याने लगेच सोडलं नाही, त्याला खात्री वाटेना. “सोडा की,” दीपमाला म्हणाली. मग त्याने सोडलं.

जेवायला या, असं गुरुबाई म्हणाल्या. रेल्वेची वेळ झालीय, असं सांगून तो निघाला. रेल्वेला अजून वेळ होता. स्टेशनावर त्याने स्नेहाला फोन करून सगळं सांगितलं, लोक विमानात काय म्हणतात तेही सांगितलं. ऐकून तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

“तुला माहीत होतं?” त्याने विचारलं.

“व्हय,” स्नेहा म्हणाली. “परत येतानाच, मी आन् तुमच्या आई बसलेल्या विमानात, कुणीतरी म्हणलं होतं. आईंनी हात जोडले. त्यांना वाटलं, लोक देवाचं नाव घ्यायलेत.”

हरिओमने फोन कानाशी तसाच धरला. समोरच्या बाकावर एक बाई डबा उघडत होती. तिने त्याला जागा करून दिली आणि तो बसला.